आम्हाला ‘लवचीक’ म्हणण्याआधी: आपत्तीची कागदपत्रं मराठीत आणणाऱ्यांना खुलं पत्र

सस्नेह नमस्कार,

पूर, दरडी, चक्रीवादळं, दुष्काळ यांच्याविषयीचे आराखडे, पुस्तिका, भित्तिपत्रकं आणि प्रशिक्षणाची टिपणं इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. तुमच्यात सरकारी विभागांतले अधिकारी आहेत, संस्थांचे कार्यकर्ते आहेत, पारिभाषिक शब्द ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य आहेत, आणि माझ्यासारखे पानाच्या हिशेबानं काम करणारे भाषांतरकारही आहेत. तेव्हा मी बाहेर उभी राहून बोलत नाहीये. पत्र उघड लिहितेय, कारण ‘लवचीक’ या शब्दाचा फटका ज्यांना बसतो त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

मी सांगलीची, गावभागातली. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न ‘आयर्विनला किती?’ हाच असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात ते माळ्याच्या खाली हातभर अंतरावर थांबलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा घरात आलं.

एका पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भागात पूर्वतयारीची बैठक झाली. चहा झाला, पुस्तिका वाटल्या. कुठल्या कार्यालयानं छापल्या ते मी लिहीत नाही, कारण तशाच पुस्तिका मी इतरांच्याही पाहिल्या आहेत. सहाव्या पानावर ठळक अक्षरांत वाक्य होतं: ‘पूरप्रवण क्षेत्रातील नागरिकांनी अधिकाधिक लवचीक होणे ही काळाची गरज आहे.’ माझ्या शेजारी आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला हळूच विचारलं, ‘म्हणजे अजून किती वाकायचं गं आपण?’

मला उत्तर देता आलं नाही. मूळ इंग्रजी वाक्यात काय असणार हे मला ठाऊक होतं. तिथे ‘रेझिलियंट’, म्हणजे धक्का खाऊन परत उभा राहणारा, हा शब्द असणार. तो मी स्वतःही आधी दोन-तीन कामांत ‘लवचीक’ असाच लिहून दिला होता, कारण मिळालेल्या शब्दयादीत तसंच होतं आणि मुदत दुसऱ्या दिवशीची होती. काकूंनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा मला त्या शब्दाची लाज वाटली. हे पत्र तिथूनच सुरू झालं.

लवचीक या शब्दात लवणं आहे. वेत लवचीक असतो, नाचणाऱ्या मुलीचं अंग लवचीक असतं, नियम लवचीक करा म्हणतात तेव्हा ते थोडे वाकवा असं म्हणायचं असतं. वाकणारी वस्तू परत सरळ होते का, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. इंग्रजी शब्दाचा सगळा जीव मात्र त्या परत येण्यातच आहे.

मी कमानपाट्याच्या घरात वाढले. शंभर फुटी रस्त्यावर माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पाट्याचं वर्कशॉप होतं. ट्रकच्या चाकांवर जे पोलादी पट्ट्यांचे थर बांधलेले असतात ते कमानपाटे. उसाच्या हंगामात गाड्या दुप्पट भरायच्या आणि पाटे बसायचे. पाटा बसला म्हणजे त्याची कमान गेली, माल उतरवला तरी तो वर येत नाही. अण्णा तो पाटा भट्टीत लाल करायचे, घणानं ठोकून पुन्हा कमान काढायचे, मग त्याला पाणी द्यायचे. शेवटी पाट्याच्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरा ताणायचा आणि मधोमध दोरा व पाटा यांच्यात किती अंतर आहे ते पट्टीनं मोजायचं. मग दाब द्यायचा, दाब काढायचा, पुन्हा तोच दोरा. आकडा तोच आला तर पाटा पास. दोरा धरायचं काम माझं असायचं. ‘किती वाकला ते नको सांगू, परत किती आला ते सांग,’ असं ते म्हणायचे.

त्यांच्याकडे शिशाची एक पट्टी होती. नव्या पोराला काम शिकवताना ती हातात द्यायचे. शिसं हातानंही वाकतं. वाकतं आणि तसंच राहतं. ‘हे लवतंय बघ किती छान. गाडीखाली घालशील का?’ तुमच्या पुस्तिकेतल्या शब्दानं पाहिलं तर शिसं पाट्यापेक्षा कितीतरी लवचीक आहे.

इंग्रजी शब्दाचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण चूक कुठे झाली ते त्यातूनच दिसतं. लॅटिनमध्ये ‘सालिरे’ म्हणजे उडी मारणं. त्याला ‘मागे’ या अर्थाचा ‘रे’ लागला की ‘रेसिलिरे’, म्हणजे उडी घेऊन मागे येणं, उसळून परतणं. याच घराण्यातले दोन शब्द आपण मराठीत रोज वापरतो. परीक्षेचा ‘रिझल्ट’ हा मुळात ‘उसळून परत आलेलं’, आणि ‘इन्सल्ट’ म्हणजे अंगावर उडी घेणं. याच ‘रेसिलिरे’मधून इंग्रजीत ‘रिझाइल’ हे क्रियापद आलं, म्हणजे दिलेल्या शब्दावरून मागे फिरणं. ते आजही आपल्या न्यायालयांच्या निकालपत्रांत भेटतं. साक्षीदार आधीच्या जबाबावरून फिरला, तर तो ‘रिझाइल’ झाला असं तिथे लिहितात. म्हणजे शब्द मुळात कौतुकाचा नव्हता, नुसता परतण्याचा होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस बेकननं तो वापरला तो प्रतिध्वनीसाठी, भिंतीवर आपटून परत येणाऱ्या आवाजासाठी.

पुढे तो अण्णांसारख्या माणसांच्या हाती पडला. १८०७ मध्ये थॉमस यंगनं आणि १८१८ मध्ये थॉमस ट्रेडगोल्डनं पदार्थांच्या ताकदीविषयी लिहिताना हा शब्द घेतला. ट्रेडगोल्डचा विषय लाकडाच्या तुळया हा होता. तुळईवर अचानक भार पडला तर ती किती धक्का पोटात घेऊन परत जागेवर येते, हा त्यांचा प्रश्न. इथून शब्दाला मोजमाप मिळालं. आजही यंत्र अभियांत्रिकीची मुलं शिकतात की पदार्थाचा एवढा-एवढा तुकडा, मर्यादा न ओलांडता, किती ऊर्जा साठवून परत देऊ शकतो, ती त्याची रेझिलियन्स. ‘मर्यादा न ओलांडता’ हे तीन शब्द त्या व्याख्येतून काढले तर व्याख्याच उरत नाही. मर्यादेपलीकडे गेलेला पाटा बसतो, तुळई मोडते.

१९७३ मध्ये सी. एस. हॉलिंग या परिसरशास्त्रज्ञानं हा शब्द जंगलं, तळी, प्राणी-कीटकांच्या संख्या यांच्याकडे नेला. जंगल पूर्वीच्याच आकड्यावर परत येत नाही, पण धक्के पचवून जंगल म्हणून टिकतं, असं त्याचं म्हणणं. मानसशास्त्रातही तो शिरला. हवाईतल्या काउआई बेटावर एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांवर अनेक दशकं लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट, समर्थ माणसं झाली. ती कशी सावरली हे पाहिलं, तेव्हा मुलाच्या स्वभावाइतकंच त्याच्या आसपासचं एखादं माणूस महत्त्वाचं ठरलं. कुणाची आजी, कुणाची शेजारीण, कुणाचा शिक्षक. हे मला फार मोलाचं वाटतं आणि त्याकडे मी परत येणार आहे.

मग जानेवारी २००५ मध्ये जपानच्या ह्योगो प्रांतातल्या कोबे शहरात देशोदेशींचे प्रतिनिधी जमले आणि आपत्तींविषयीच्या दहा वर्षांच्या कृती-आराखड्याच्या नावातच हा शब्द घातला. २०१५ मध्ये सेंदाईचा आराखडा आला, तो २०३० पर्यंतचा. आपल्या देशानं २०१९ च्या सप्टेंबरात, म्हणजे आमच्या घरातला गाळ नुकता निघाला होता तेव्हा, आपत्तींना टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी एक आंतरराष्ट्रीय आघाडी जाहीर केली, तिच्याही नावात हाच शब्द आहे. तिथून तो दिल्ली, मुंबई, जिल्हा असा उतरत आमच्या बैठकीतल्या सहाव्या पानावर आला. वाटेत त्याची मर्यादा गळून पडली, मोजमाप गळून पडलं, शेजारीण आणि आजीही गळून पडल्या. काकूंच्या हातात उरलं ते नुसतं वाकणं.

आता तक्रारी सांगते.

पहिली भाषेची. या एका शब्दाला तुम्ही एकाच कागदात वेगवेगळे आणि एकमेकांच्या उलटे शब्द देता. पुलाविषयी असेल तर ‘आपत्तीरोधक’, पिकाविषयी असेल तर ‘प्रतिकारक्षम’, माणसांविषयी असेल तर ‘लवचीक’. रोधक म्हणजे अडवणारा, लवचीक म्हणजे वाकणारा. काँक्रीटला अडवायला सांगायचं आणि बाईला वाकायला सांगायचं, हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं मला वाटत नाही. पण छापून तेच आलंय. ‘लवचिकता’ कुठून आली असावी याचा मी अंदाज करू शकते. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘मागणीची लवचिकता’ असते, तिथे इंग्रजीत ‘इलॅस्टिसिटी’ आहे. इलॅस्टिसिटी आणि रेझिलियन्स शेजारी-शेजारी राहणारे शब्द, त्यामुळे शब्दयादी करणाऱ्याचा हात तिकडे गेला असणार. पण भाव वाढला की मागणी कमी होणं वेगळं आणि घर वाहून गेलेल्या माणसानं पुन्हा उभं राहणं वेगळं.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागली आहे, म्हणून तिच्यावर थोडी जागा घेते. आपल्याकडे शब्द नव्हता म्हणून हे झालं असं कुणी म्हणेल. आपल्याकडे शब्द होता, आणि तो फार जुना आहे.

मी कॉलेजात संस्कृत घेतलं होतं. तर्कसंग्रह हे अन्नंभट्टाचं सतराव्या शतकातलं छोटंसं पुस्तक आम्हाला होतं. न्याय-वैशेषिक या भारतीय तत्त्वज्ञानाच्या परंपरेत पदार्थांचे चोवीस गुण मानतात. रंग, रस, गंध, संख्या वगैरे. त्यांतला एक गुण ‘संस्कार’, आणि त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वस्तूला वेगळ्या अवस्थेत नेलं असता तिला पुन्हा पूर्वीच्या अवस्थेत आणतो तो स्थितिस्थापक. उदाहरण चटईचं दिलं आहे. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडली की पुन्हा वळते, ते याच गुणामुळे. अन्नंभट्टाच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकाच्या आसपास, प्रशस्तपाद या त्याच परंपरेतल्या भाष्यकारानं धनुष्य, झाडाची फांदी, शिंग, दात, हाड, सूत, वस्त्र यांची नावं घेऊन हेच सांगितलं होतं. वाकवलं, दुमडलं, सोडलं की परत येतं. आपण पाट्याला ‘कमान’ म्हणतो, तो शब्द फारसीतला, आणि त्याचा अर्थ धनुष्यच. अण्णांना प्रशस्तपाद माहीत नव्हता. पण दोघं एकाच वस्तूकडे बघत होते.

आणि त्या तीन प्रकारांतला मधला पाहा. ‘भावना’ म्हणजे या परंपरेत अनुभवाचा मनात उरलेला ठसा, ज्याच्यामुळे आठवण होते. वस्तूला तिची मूळ जागा आठवणं आणि माणसाला त्याचा अनुभव आठवणं ही त्यांनी एकाच घरातली भावंडं मानली. २०१९ मध्ये पाणी उतरल्यावर आम्ही घर धुऊन काढलं, तेव्हा कोरडं म्हणून जे काही उरलं होतं त्यात माळ्यावरची एक चटई होती. प्लायवूडचं कपाट फुगून त्याचं दार लागेना, ते पुढे कधीच लागलं नाही, फेकावं लागलं. ती चटई ओल्या फरशीवर अंथरली तर तिची कडा राहून राहून वर यायची. आईनं चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि त्या रात्री आम्ही तिथं झोपलो. मला तेव्हा तर्कसंग्रह आठवला नाही. काकूंनी प्रश्न विचारला त्या संध्याकाळी आठवला.

मराठी शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून हा शब्द ‘स्थितिस्थापकता’ म्हणून आमच्या पिढीला भेटला. रबर, स्प्रिंग, हूकचा नियम. नववी-दहावीत आम्ही तो पाठ केला, थोडा अडखळत उच्चारला. पण पुस्तकात कुणी चटई दाखवली नाही, पाटा दाखवला नाही, ‘स्थिती’ आणि ‘स्थापणं’ असे दोन तुकडे करूनही दाखवले नाहीत. मग तो अवघड वाटला, आणि अवघड म्हणून हळूहळू बाजूला पडला. आज सेमी-इंग्रजीतल्या माझ्या भाचीला इलॅस्टिसिटी येते आणि स्थितिस्थापकता म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहते. ज्यांनी शब्द दिला त्यांनीच तो समजावून सांगायचं काम अर्धवट सोडलं, ही माझी शब्दसमित्यांकडे तक्रार आहे.

तिसरी तक्रार मर्यादेची. तुम्ही कागदात आमची ‘लवचिकता वाढवणं’ असं लिहिता, पण किती भारापर्यंत, ते कुठेच लिहीत नाही. अण्णांकडे ड्रायव्हर यायचे आणि म्हणायचे, अजून एक पाटा टाका, जास्त भरायचंय. अण्णा म्हणायचे, पाटा वाढवला की चासी बोलते. म्हणजे भार कुठे जात नाही, तो पुढच्या भागावर जातो. आमच्या गल्लीत २०१९ नंतर लोकांनी फ्रीज उंचावर चढवले, कपाटं सिमेंटची केली, धान्य माळ्यावर नेलं, आणि त्यासाठी कर्ज काढलं. कागदावर ती लवचिकता वाढलेली दिसेल. तो भार कर्जाच्या हप्त्यावर गेला आहे, ते मात्र कागदात येणार नाही. आणखी एक गोष्ट यंत्रशास्त्राला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्यानं रेल्वेचे आस का तुटतात ते शोधलं, तेव्हा दिसलं की एका फेरीत सहज पेलणारा भारही पुन्हा पुन्हा आला की पोलाद तुटतं. त्याला धातूचा थकवा म्हणतात. आमच्याकडचे पूर बघा: २००५, २०१९, २०२१. पोलाद थकतं हे मान्य आहे, तर माणसं थकतात हे पुस्तिकेत यायला काय हरकत आहे?

चौथी तक्रार कौतुकाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसं कामाला निघाली आणि ‘मुंबई स्पिरिट’चे मथळे आले. पुढच्या वर्षी लोकलमध्ये स्फोट झाले, पुन्हा तेच मथळे. बहुतेक माणसं पगार बुडू नये म्हणून निघाली होती. पुरानंतरही हेच होतं. अजून पंचनामे चालू असतात, सानुग्रह अनुदानाच्या यादीत नाव आहे की नाही यासाठी माणसं रांगेत असतात, आणि व्यासपीठावरून आमच्या जिद्दीला सलाम होतो. जिद्द आहेच, ती कुणी नाकारत नाही. पण मदत पोहोचण्याआधी कौतुक पोहोचलं की ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एवढाच कळतो की तुमचं तुम्ही बघून घ्या.

या बैठकांत आणखी एक गोष्ट हमखास होते. तुकोबांची ओळ म्हटली जाते, ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’. सांगलीत, कृष्णेकाठी, आमच्यासमोर. तो अभंग ‘लहानपण देगा देवा’ असा सुरू होतो. तिथे तुकोबा देवाकडे नम्रता मागतात, ती स्वतःसाठी. पूरग्रस्ताला वाकायला सांगण्यासाठी ती ओळ वापरणं मला सहन होत नाही. आणि लव्हाळा वाचतो तो वाकतो म्हणून, हे खरं असलं तरी अर्धं खरं आहे. त्याची मुळं काठाच्या मातीत घट्ट गुंतलेली असतात. नुसता वाकणारा आणि मुळं नसलेला लव्हाळा झाडाच्या आधी वाहून जातो. इथे मुळं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. वेळेवर मिळालेली सूचना, चालू असलेला दवाखाना, हातात आलेले पैसे, नाला साफ असणं.

मग माणसांसाठी कोणता शब्द वापरायचा? स्थितिस्थापकता मी वस्तूंसाठी मागतेय, माणसांसाठी नाही. तिच्यात पूर्वीच्याच स्थितीला येणं आहे. आमच्या गल्लीतली पूर्वीची स्थिती म्हणजे तुंबलेली गटारं आणि नदीकडे जाणारं पाणी अडवणारी बांधकामं. तिथेच परत जाऊन बसायचं असेल तर त्याला सावरणं म्हणता येणार नाही.

सावरणं. हाच शब्द मी सुचवतेय. पाणी उतरल्यावर आमच्याकडे फोन येतात ते ‘सावरलात का?’ असेच येतात. पीक ‘उभारी धरतं’, माणूस ‘तग धरतो’, ‘सावरतो’. या क्रियापदाकडे जरा लक्ष द्या. ‘मी सावरले’ असंही म्हणता येतं आणि ‘तिनं मला सावरलं’ असंही. तोल आपला आपण सावरतो, पण पडणाऱ्या माणसाला दुसरं कुणीतरी हात देऊन सावरतं. दोन्हीला एकच शब्द. इंग्रजीतल्या शब्दात हात देणाऱ्याला जागाच नाही, तिथे जो पडतो त्यानंच उसळायचं असतं. काउआईच्या मुलांबाबत जे समजायला संशोधकांना दशकं लागली, ते आपल्या क्रियापदात आधीपासून आहे. आणि हा शब्द काकूंना समजावून सांगावा लागणार नाही.

यावर एक आक्षेप मला दिसतो, तो मीच मांडते. शासकीय कागदाला नाम लागतं, विशेषण लागतं, शीर्षकात बसेल असा शब्द लागतो. ‘सावरण्याची क्षमता’ लांब होते. मान्य आहे. पण लांब असूनही कळणारा शब्द आणि आखूड असूनही उलटा अर्थ सांगणारा शब्द यांत निवड करायची असेल, तर दोन सेंटिमीटर जास्त जागा घ्या. शीर्षकासाठी ‘सावरशक्ती’ असं करून पाहा, पटलं नाही तर दुसरं करा. माझा आग्रह त्या अमुक रूपावर नाही, त्यामागच्या क्रियापदावर आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

माणसांविषयी लिहिताना ‘लवचीक’ आणि ‘लवचिकता’ हे शब्द या अर्थानं वापरणं थांबवा. शब्दयादीत ते असतील तर यादी दुरुस्त करा, आणि दुरुस्त यादी भाषांतरकारांपर्यंत पोहोचवा, नाहीतर आम्ही जुनीच वापरत राहू. पूल, इमारती, विजेचे खांब यांच्यासाठी ‘आपत्तीत टिकणारा’ किंवा ‘धक्का सोसणारा’ असं सरळ लिहा. पदार्थाच्या गुणासाठी स्थितिस्थापकता ठेवा, आणि शाळेच्या पुस्तकात ती चटई आणि कमानपाटा दाखवून शिकवा.

जिथे जिथे सावरण्याची गोष्ट येईल तिथे वाक्यात चार गोष्टी असू द्या: कोण सावरणार, कशातून, किती दिवसांत, आणि कुणाच्या मदतीनं. ‘नागरिकांनी सक्षम व्हावे’ एवढ्यावर वाक्य संपवू नका. शेवटची गोष्ट लिहिता येत नसेल, तर ते वाक्य अजून छापायच्या लायकीचं झालेलं नाही असं समजा.

मर्यादा छापा. आमच्यासाठी ती फुटांत असते. आयर्विनला किती फूट झाल्यावर कोणत्या गल्लीनं बाहेर पडायचं, कुठे जायचं, गुरं कुठे न्यायची, डायलिसिसवरच्या आणि बाळंतीण बाईला कोण नेणार, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हवं. रेझिलियन्सची व्याख्या सहाव्या पानावर नसली तरी चालेल.

पंचनामे पूर्ण होऊन मदत खात्यावर जमा होईपर्यंत आमच्या जिद्दीविषयी जाहीरपणे बोलू नका. त्यानंतर बोललात तर आम्हाला आनंदच होईल.

आणि छापण्याआधी मजकूर ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचायला द्या. बैठकीत वाटायला नको, छापण्याआधी. एका दुपारचं काम आहे. गल्लीतल्या चार बायका, एक रिक्षावाला, एक दुकानदार बसवा आणि त्यांच्यातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथे खूण करा.

ज्या कामांत मी ‘लवचीक’ लिहून दिलं होतं, त्यांपैकी दोन ठिकाणी मी पत्र पाठवून दुरुस्ती कळवली आहे. एका ठिकाणाहून उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत बघू. ती पुढची आवृत्ती कधी निघते याकडे माझं लक्ष आहे. सांगली, मिरज, शिरोळ, कोल्हापूर, चिपळूण या बाजूचा कुठलाही मसुदा पाठवलात तर मी आणि आमच्या काकू तो वाचून परत करू. काकूंनी होकार दिला आहे, त्यांची फक्त एकच अट आहे, अक्षर मोठं हवं. पैसे नकोत. जूनच्या आधी पाठवा.

आपली,
एक भाषांतरकार
गावभाग, सांगली